आखूड पान

सावद्याची शाळा, नववी ‘ब’, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
पंखे दोन, त्यातला फिरणारा एक.
खिडकीबाहेर केळीचा ट्रक मागे घेत होते,
‘येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे… बास!’

हजेरी चालू असतानाच जुम्मा तडवीने
वाचनालयाचं पुस्तक टेबलावर आणून ठेवलं.
‘अजून आठ दिवस आहेत की रे.’
‘झालं वाचून,’ म्हणाला.
मी कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली.

फळ्यावर दोन शब्द लिहिले: मागे वळणं. चाहूल.
पुस्तकात यांना भारदस्त नावं आहेत,
ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करा.

तर गोष्ट एका वायरमनची.
पहिल्याच ओळीत त्याचे हातमोजे घरी खुंटीवर राहतात.
लेखक ओरडत नाही,
बायकोला फोडणी टाकायला लावतो आणि पुढे जातो.
चौथ्या पानावर खांबावर चढता चढता
वायरमन एकदम दहा वर्षांचा होतो,
चिंचेच्या शेंड्यावर, खाली आई हाका मारतेय.

‘मॅडम, मग तो खांबावरून उतरला कधी?’
हर्षल फेगडे. मागचे दोन बाक हसले.
‘उतरलाच नाही. तो तिथेच आहे. आपण उतरलो.’

हे त्यांना पटेना. मग मी गाडी काढली:
भुसावळहून येताना उलट्या तोंडाच्या बाकावर बसलात कधी?
पूल मागे पडतो, दुसखेडा मागे पडतं,
डोळ्यांना सगळं जाणारंच दिसतं,
आणि गाडी मात्र सावद्याकडेच येत असते.
हां, म्हणाले. हे कळलं.

चाहूल कोणाला सांगता येईना.
कावळा ओरडला की पाहुणे, एकीने सांगितलं.
मांजर आडवं गेलं, दुसऱ्याने.
ते शकुन रे, मी म्हटलं, ते बाहेरून येतात,
मला गोष्टीच्या आतून आलेलं हवंय.

जुम्मा उभा राहिला.
‘पोग्यातून पानं निघतात ना मॅडम, मोठमोठी.
एक दिवस एक आखूड निघतं. बारकं.
ते दिसलं का समजायचं, आता केय निसवते.
त्याच्यानंतर पान येत नाही.’

कोणी हसलं नाही.
निम्म्यांच्या बापांच्या बागा,
निम्म्यांचे बाप त्याच बागांतून घड वाहणारे,
ते पान दोघांच्याही ओळखीचं.
मी ‘शाबास’ म्हटलं, फळ्यावर लिहिलं.
धनश्री बोंडेला तरी शंका होती:
‘आणि ज्याला माहीत नाही,
त्याला ते नुसतंच बारकं पान दिसणार ना?’
‘हो. घड बाहेर आल्यावर त्याला आठवेल.’
घंटा झाली.

सोमवारी जुम्मा नाही. मंगळवारी नाही.
गुरुवारी त्याचा मामा दाखला मागायला आला.
सुरतेला चाललाय, उधन्याला, काकाच्या खोलीवर.
महिन्यापासून बोलणं चालू होतं.
‘आणि शाळा?’
‘बघू तिकडे.’

रात्री ताट वाढून घेतलं
आणि तो तास मी मागे घेऊ लागले,
येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे.
गृहपाठ सांगितला तेव्हा त्याची वही मिटलेली होती,
मला वाटलं, उकाडा.
कंपासपेटी शेजारच्याच्या बाजूला सरकवलेली होती,
मला वाटलं, आहेत दोस्त.
आणि ते बारकं पान सांगताना
तो माझ्याकडे बघत नव्हता,
खिडकीबाहेर बघत होता.
यातलं मला तेव्हा दिसलंच होतं का,
की आता शेवट कळल्यावर मीच हे खोचत बसलेय,
देव जाणे.
गोष्टीत निदान पहिलं पान पुन्हा उघडून बघता येतं.

शुक्रवारी कपाट उघडलं.
पुस्तकाच्या मध्यावर, सहाव्या प्रकरणापाशी,
एका पानाचा कोपरा दुमडलेला.

वाचनालयाचा नियम आहे, पानं दुमडू नयेत.
मी कोपरा सरळ केला नाही.