निधीचा स्रोत

पाच मोठ्या बँकांनी त्याला एकाच मजकुराची पत्रं धाडली होती:
'आमच्या जोखमीच्या चौकटीत आपण बसत नाही.'
ती पत्रं घेऊनच कॉलम रँकिन आला आमच्या पतपेढीत,
केप ब्रेटनच्या या टोकाला,
जिथे एप्रिलातही बंदरात बर्फ अडून बसतो
आणि बूट झटकल्याशिवाय कुणी आत येत नाही.
तोही झटकून आला.
ते मी बघून ठेवलं.

बंद पडलेला मासळीचा कारखाना त्याने भाड्याने घेतलाय.
माझ्या आईने बावीस वर्षं कॉड चिरला
त्या ओट्यांच्या जागी आता सहाशे यंत्रं,
रात्रंदिवस घुमत
नाणी खणतात,
जी दाताखाली धरून बघता येत नाहीत.

फॉर्मवर एक रकाना: निधीचा स्रोत.
त्याने लिहिलं, वीज.
मग जरा थांबून: आणि थंडी.

एकतीस वर्षं मी या खिडकीमागे.
लॉबस्टरच्या हंगामातल्या ओल्या नोटा
हीटरवर वाळत घालून मोजल्यात.
खोटी नोट माझ्या अंगठ्याला कळते.
याचं नाणं अंगठ्याखाली येतच नाही.

हॅलिफॅक्सहून नियमांचा गठ्ठा आला.
ग्राहकाचा ग्राहक कोण, त्याचा पैसा कुठून कुठे,
दर महिन्याला अहवाल, आणि तो कुणी करायचा
हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे मीच.

मंगळवारी संचालक मंडळ चर्चच्या तळघरात बसलं;
आमचं छप्पर गळत होतं.
थिओफील बूद्रोच्या मुलाने पेन्शन घातली होती
असल्याच कुठल्याशा नाण्यात.
तो तळहात पालथे टाकून गप्प.
मॉरॅग म्हणाली, "कंपनीच्या दुकानाने
आपल्या आज्यांना उधार नाकारलं, म्हणून ही पेढी निघाली.
ज्याला कुणी दारात उभं करत नाही
त्याच्यासाठीच हे दार ना?"
"आणि पोरगा बुडाला तर?" डूगल्डने विचारलं.
"बुडणाऱ्यांची सवय आहे आपल्याला,"
कुणीतरी बोलून गेलं,
आणि मग किटलीचा आवाज तेवढा राहिला.

कॉलम समजावत होता, अभिमानाने:
"आमची वही कुणालाच खोडता येत नाही.
एकदा लिहिलं की जगभर, कायमचं."

मी कपाटातून एकोणीसशे अडतीसची खतावणी काढली.
पान चौसष्ट.
तारणाच्या रकान्यात ओळीने एकच: त्याचा शब्द, त्याचा शब्द,
एका ठिकाणी, तिचा.
तिच्यासमोरचे अकरा डॉलर
कुणीतरी ब्लेडने खरवडलेत,
नवरा जाळ्यासकट गेला त्या साली.
कागद इतका झिजलाय तिथे
की दिव्यापाशी धरला तर मागचं बोट दिसतं.

"हे तुझ्या वहीत होतं का रे?"
तो बराच वेळ बघत राहिला.
"नाही. पण ही हिशेबातली चूक नाही का?"
"चूकच," मी म्हटलं.
"लेखापरीक्षकाने लाल शाईत लिहूनही ठेवलीय, बघ."

पाच विरुद्ध चार.

खातं उघडायचं तर आधी सभासद व्हायचं,
पाच डॉलरचा एक हिस्सा, रोख. तसा नियमच आहे.
कॉलमने खिसे चाचपले:
फोन, हातमोजा एकच,
आणि नखाएवढी एक चावी, तिच्यात म्हणे तीस लाख.
नोट एकही नाही.
त्याचे कान लाल झाले.

डूगल्डने, ज्याने विरोधात हात वर केला होता त्याने,
पाकिटातून एक निळी नोट काढली,
माशाचा वास येणारी,
आणि टेबलावर आपटली.
"हंगाम लागला की दे."

मी पावती फाडली. सभासद क्रमांक घातला.
निधीचा स्रोत—
पेन धरून डूगल्डकडे पाहिलं.
तो पाठ करून बूट चढवत होता, अजून घुश्शात.

रकाना कोरा ठेवला.
मे महिन्यात लेखापरीक्षक येईल,
शाई घेऊन.