हरकत क्रमांक एकेचाळीस

महोदय,
आपलं पत्र मिळालं. पोचही दिली आहे.
आपलं म्हणणं थोडक्यात असं, की
अकरा फेब्रुवारीच्या रात्री
आपलं मिठाचं जहाज बे-कोमोकडे येत होतं
तेव्हा वाट आधीच फोडलेली होती,
पुढच्या तेलवाहू जहाजासाठी.
आपण नुसते मागून आलात.
फोडलेल्या बर्फाचे पुन्हा पैसे कसले?

नियम सात, पोटकलम ब:
हिवाळी मोसमात ठरलेली रेषा ओलांडली
की फेरीमागे शुल्क लागू,
बर्फ दिसो वा न दिसो.
खरं तर एवढंच लिहायचं असतं.
आमचे रेजिससाहेब म्हणतात,
ओदिल, उत्तर कोरडं हवं.

पण महोदय, वाट म्हणजे काय समजता तुम्ही?
जमिनीवर चार माणसं चालली की पायवाट होते,
चाळीस वर्षं चालली की वहिवाट,
मग कोर्टसुद्धा ती मोडू देत नाही.
इथे वाट मोडूनच होते
आणि चाळीस मिनिटांत सांधते.
माझे वडील लेओपोल देब्याँ
सव्वीस हिवाळे बर्फफोड्या जहाजावर होते,
मागच्या डेकवर.
काळं पाणी, मग साय, मग करकर, मग काहीच नाही,
एवढंच त्यांनी पाहिलं.
जेवताना अजूनही मधेच मागे वळून बघतात.

(वडील खोडले.
कॉफी आणायला गेले, तर यंत्र बंद.)

मी त्या रात्रीची नोंदवही मागवली.
दोन दहा: तेलवाहू जहाज मोकळ्या पाण्यात सोडलं.
दोन बारा: इंजिन मंद.
दोन तीस: उलट फिरलो, त्याच वाटेने.
मधल्या अठरा मिनिटांपुढे
कारणाचा रकाना रिकामा आहे.
वारा ईशान्येचा, उणे चोवीस,
चार मैल मागे तुमचे दिवे.
कुणी बोलावलं नव्हतं, हे तुमचं खरं.
कुणीतरी थांबलं होतं.
थांबण्याचा दर आमच्या तक्त्यात नाही,
तो मी लावलेलाही नाही,
बिल पुन्हा नीट पाहा.

आणखी एक, विषय सोडून.
आजोबांचं गाव वरच्या अंगाला, नदी अरुंद होते तिथलं.
नदी गोठली की फरची रोपं बर्फात रोवून
रस्ता आखायचे पलीकडे,
घोड्याच्या घसरगाडीतून जायची
पिंपं, पत्रं, डॉक्टर,
एकदा तर नवरी, मांडीवर घड्याळ घेऊन.
मग एका मार्चमध्ये जहाजांसाठी मधोमध वाट फोडली.
फरची रोपं दोन्ही काठांशी तशीच उभी,
मधे धूर सोडत गेलेलं काहीतरी.
घड्याळवालीची आई अलीकडेच राहिली, मेपर्यंत.
या गोष्टीचं बिल कुणी कुणाला लावलं नाही.
हरकतीचा नमुनाच तेव्हा छापलेला नव्हता.

हे काय लिहीत बसले मी.
तुमच्या कंपनीच्या कचेरीत, कुठल्यातरी ऊबदार बंदरात,
एक मुलगी हे पत्र उघडणार,
तिलाही कोरडंच हवं असणार.

अंतिम मसुदा.
महोदय,
आपली हरकत नामंजूर.
शुल्क कायम. मुदत तीस दिवस.
आपली विश्वासू, ओ. देब्याँ.

सही करून निघाले तेव्हा सात वाजले होते.
आडवं बर्फ. रस्ता आणि गटार एकच.
पुढे नगरपालिकेचा नांगर चालला होता
पिवळा दिवा फिरवत,
मी त्याच्या मागे मागे.
त्याने आरशात पाहिलं असावं,
शाळेच्या चढावर तो जरा हळू झाला.
मागच्या चाळणीतून मीठ सांडत होतं,
उडून माझ्या काचेवर ताडताड वाजत होतं.
तुमचंच असेल.