काटा क्रमांक चार

थोरग्रिमुर म्हणाला, मला सगळं दाखव,
या कारखान्याच्या तारांतून जे जे वाहतं ते.
पोरी कामावर फोन बघतात, असा त्याचा वहीम.
मी म्हटलं, सगळं मावणार नाही.
अठ्ठेचाळीस पोर्टांचा लोंढा एका पोर्टात वळवला
तर सांडेल ते काय होतं, हेही कळायचं नाही.
निवडावं लागेल.
मग निवड, म्हणाला,
आणि कॉफीचा मग घेऊन वर गेला.

निवडायचं म्हणजे यादी लिहायची.
स्विच ती वरून खाली वाचतो,
पहिली ओळ जुळली की तिथेच थांबतो,
खालच्यांचं ऐकूनही घेत नाही.
आधी कोण आणि मग कोण, यातच सगळं आलं.

पहिल्या ओळीत मी लिहिलं: फोनांचं जाळं. नको.
बोझेना रात्री अकराला ग्दिन्यातल्या मुलाशी बोलते,
बुटांच्या फळीशेजारी, एकच हातमोजा काढून.
ते माझ्या पडद्यावर यायचं काही कारण नाही.

मग: काटा चारकडून हिशेबाच्या संगणकाकडे. घे.
मग: हिशेबाच्या संगणकाकडून काटा चारकडे. घे.
वाट एकच, पण जायची ओळ वेगळी, यायची वेगळी.

चारच का?
मंगळवारी जेवताना लुझविमिंदा म्हणाली होती,
पेटी हातात कळते मला,
बावीस वर्षं उचलतेय.
चार नंबरवर ती हलकी होते.
एवढंच म्हणाली, आणि बटाटा सोलत राहिली.
तक्रार नव्हती ती.
हवा पडली आहे, असं म्हणावं तसं.

शेवटची ओळ लिहावी लागत नाही.
ती असतेच, न दिसणारी:
बाकी सगळं, नाही.
नाही म्हणजे अडवलं असं नाही,
ते आपल्या वाटेनं जातंच,
फक्त मी बघत नाही.

रात्री दहा. फ्योर्डवरून उलटा वारा,
पत्रा थडथडतोय.
यादीशेजारचा आकडा: शून्य.
शून्य.
मग सात. मग एकेचाळीस.
पाळी सुरू झाली.

काट्यानं पाठवलं: अकरा किलो चारशे.
उत्तर आलं: बर्फ वजा तीनशे.
अकरा किलो दोनशे पन्नास. बर्फ वजा तीनशे.
बारा किलोला तीनशे, नऊ किलोलाही तीनशे,
जणू बर्फालाही पगार ठरवून दिलाय.
सकाळच्या पाळीत त्याची भाची उभी असते.
तिथे बर्फ शून्य.
मासा तोच, पेटी तीच, थंडीही तीच.

मापात पाप म्हणतात ते कसं दिसतं,
मला वाटायचं खोटं वजन, वाकवलेली दांडी.
इथे काटा खरं बोलत होता
आणि पाठीमागून कुणीतरी त्याला दुरुस्त करत होतं,
दर पेटीला, सेकंदाच्या चौथ्या हिश्श्यात.
माशाचा काटा बोटात मोडला तर रक्त येतं.
हा सलत होता तिच्या मनगटात, मुकाट.

सकाळी तो आला. फोनांचं काय?
म्हटलं, फोन यादीत नव्हते.
कागद पुढे सरकवला.
त्यानं वरून खाली वाचायला घेतला
आणि जिथे जुळलं तिथे थांबला.
पुढचं वाचलं नाही.
बर्फ वितळतो, म्हणाला, वजन धरावंच लागतं.
रात्रीचाच वितळतो का, मी विचारलं.
त्यानं मग उचलला. रिकामा होता.

दुसरी प्रत खिशात होती.
कामगार संघटनेचं कार्यालय नऊला उघडतं,
पण आधी मी खाली गेले, कपडे बदलायच्या खोलीत.
लुझविमिंदानं कागद वाचायच्या आधी
हातावर तोलला,
उगाच, सवयीनं.
मग सगळे आकडे बघून झाल्यावर
बुटाची नाडी बांधत विचारलं,
आणि तीन नंबर?

मी तीन नंबर लिहिला नव्हता.