रस्त्याखाली

तिबिलिसीत आमच्या भागात रस्ता ओलांडायचा
तर आधी जमिनीखाली जावं लागतं.
एकोणतीस पायऱ्या खाली, एकोणतीस वर,
गाड्यांचा वेग मोडू नये म्हणून.
त्या पायऱ्यांच्या तळाशी माझं दुकान:
एक ऐरण, डिंकाचा डबा, लटकता दिवा,
आणि खुंट्यांवर, न्यायला कुणी न आलेले
सतरा जोड.

मी माणसं पायांवरून ओळखतो.
लामारा बाईंची डावी टाच आतून झिजते.
गुडघा राखून उतरतात, कठडा धरून,
बगलेत होडीच्या आकाराचा गरम पाव.
चाळीस वर्षं भूमिती शिकवली त्यांनी.
म्हणतात, जुंबेर, दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर
म्हणजे सरळ रेषा,
हे मी पोरांना खोटंच शिकवलं रे.

वाखोचे बूट टाचेला नवेकोरे,
फाटतात चवड्याशी, पेडलवर.
पाठीवर पिवळी पेटी, तिच्यात निवत चाललेलं
कुणाचं तरी जेवण.
वर सायकलींसाठी हिरवा पट्टा आखलाय,
त्यावर गाड्या बसलेल्या असतात
रवंथ करणाऱ्या म्हशींसारख्या.
पट्टा सोडला की मागून हॉर्न.
मग तो सायकल खांद्यावर घेतो
नि येतो खाली, माझ्याकडे.

फेब्रुवारीत, एका संध्याकाळी,
पायऱ्यांवर बर्फाचा चिखल होता.
सायकलचं मागचं चाक गर्रकन वळलं
आणि बाईंचा पाव उडाला.
मग काय विचारता!
रस्ता काय तुझ्या बापाचा?
आजी, हा रस्ता नाही, बीळ आहे!
तुम्ही सायकलवाले सगळे मेले
तुम्ही चालणारे, मध्येच थांबता, बघत नाही
फुलं विकणारी त्सिसाना सोडवायला गेली,
तिलाही दोन्हीकडून पडलं.
मी हातोडी खाली ठेवली.
आणि आमच्या डोक्यावर, छताच्या सिमेंटमधून,
गाड्या जात होत्या,
धड, धड,
धड, धड,
कुणाशीही न भांडता.

आधी बाईंनी वर पाहिलं. मग वाखोनं.
पाव त्यानं उचलला, बाहीला पुसला.
बाईंनी चिखल न लागलेलं टोक मोडलं
आणि त्याच्या हातावर ठेवलं.
माफी दोघांपैकी कुणीच मागितली नाही.

मी कुणाची बाजू घेत नाही.
झिजेल त्याची टाच लावायची, हा धंदा.
पण गेल्या मंगळवारची गोष्ट सांगतो.
एक जण उतरला. इटालियन बूट.
माणूस पन्नाशीचा, तळवे कालच्या बाळाचे.
एका हातात किल्ली, दुसऱ्यात दंडाची पावती,
गाडी उचलून नेलेली.
ह्याला मात्र मी चेहऱ्यावरून ओळखलं:
पुढचा बंपर नसलेली काळी जीप
रोज माझ्या पायऱ्यांच्या तोंडाशी आडवी लावतो,
तोच ओतार.
बाई तिला वळसा घालून, रहदारीत पाय टाकून,
मग खाली येतात.

भिंतीवरच्या बाणांकडे बघत त्यानं विचारलं,
हरवलेल्या पोरासारखं,
उस्ताद, पलीकडे कुठून जायचं?

वाट दाखवली मी.
उजवीकडची.
(डावीकडची सरळ होती. तेवढं माझं चुकलंच.)
उजवीकडच्या पायऱ्या निघतात भर रस्त्यातल्या बेटावर,
एक खांब, एक कचऱ्याचा डबा,
झेब्र्याचे पुसून गेलेले चार पट्टे,
आणि चारी बाजूंनी गाड्या.

त्याचे बूट वाजत वर गेले.
मध्ये एकदा थांबले, दम खायला.
मग वर, डोक्यावर कुठेतरी, ऐकू यायचे बंद झाले.
तिथं उभा राहून तो वाट बघत असणार,
कुणी वाट देईल म्हणून.

बाईंची टाच तोवर लावून झाली.
दुसरीही लावली मग. तिचे पैसे घेतले नाहीत.