नाव सांगण्याआधी

आठ महिने झाले, पोरीला अजून नाव नाही.
बाप्तिस्म्याआधी आमच्या बेटावर सगळ्याच मुली नुसत्या ‘बेबा’.
रविवारी पाद्री तिला तीनदा पाण्यात बुडवेल
आणि नाव मी सांगायचं, मोठ्यानं,
कारण धर्ममाता मी.

रिवाज सरळ आहे: बापाच्या आईचं नाव.
म्हणजे पेर्सेफोनी.
पण एव्दोकियानं रात्री कोश उघडला
आणि सकाळी माझ्या दारात उभी, डोळे सुजलेले.
“मावशी, ‘संहार आणणारी’ असा अर्थ दिलाय.
फुलं खुडताना पाताळाच्या राजानं उचलून नेलेली,
निम्मं वर्ष मेलेल्यांत.
हे मी लेकीच्या कपाळी लिहू?”

मी काय बोलणार?
माझं नाव स्तामातिया. म्हणजे ‘थांब’.
चौघींच्या पाठीवर मी झाले
तेव्हा बापानं देवाला घातलेली विनंती, पुरे आता.
सहावी झालीच.
तिला मात्र फुलाचं नाव मिळालं.

पाद्री म्हणाला, या नावाची संत नाही.
कॅलिओपी ठेवा, ती झालीये संत.
डिमीटरला हे बरोबर जमलं:
धान्याची देवी देवळातून हाकलली गेली
आणि दिमित्रिस होऊन, दाढीमिशा लावून,
पुढच्या दारानं परत आली.
पाद्र्याचंच नाव दिमित्रिस.
लेक तेवढी खाली राहिली.

मग बंदरावर गेले, औषधवाल्या अनार्गिरोसकडे.
नावाचा अर्थ ‘पैसे न घेणारा’;
खोकल्याच्या गोळीवरचे सुटेसुद्धा तो परत देत नाही.
पण जुनं ग्रीक त्याला येतं.
म्हणाला, “संहारबिंहार मागाहून चिकटवलेला.
जुन्या मडक्यांवर नाव जरा निराळं आहे.
त्यात एक शब्द पेंढीचा, एक हाणण्याचा.
पेंढ्या हाणणारी. मळणीवाली बाई.
असं काहीजण म्हणतात. खात्री कुणालाच नाही.”
आणि गोळ्यांचे पैसे घेतले.

चढण चढून म्हातारीकडे गेले तेव्हा ऊन उतरलं होतं.
तिच्या घरामागे दगडी खळं आहे, गोल.
तिथे आता पाहुण्यांच्या गाड्या लागतात.
मी दोन्ही अर्थ सांगितले, मडक्यासकट.
शेंगा सोलता सोलता तिनं ऐकून घेतलं.

“माझ्या आजीचं नाव ते,” म्हणाली.
“आणि आजीला दिलं होडीवरून.
स्पंज काढायला आठ होड्या गेल्या,
ती एक परत आली.”
“आणि होडीला कुणी दिलं?”
“विकत घेतली तेव्हा होतंच.
पुसायला रंग नव्हता.”

रविवारी पाद्र्यानं भुवई उचलून विचारलं.
मी सांगितलं.
तो क्षणभर गप्प. मग पाणी.
तिसऱ्या बुडीनंतर पोरगी वर आली ती मुठी आवळून,
आणि तेलानं माखलेली एक
हाणलीच तिनं त्याच्या दाढीवर.

आई थांबते दाराबाहेर, नाव ऐकायला.
पोरं धावतात, पहिल्याला नाणं मिळतं म्हणून.
पहिला पोहोचला त्याला धाप लागली होती,
अर्धंच बाहेर पडलं तोंडातून: “पेर्से—”

पेंढी तेवढी पोचली.
एव्दोकियानं त्याच्या हातावर नाणं ठेवलं.