कूलरच्या टाकीतली मरळ

दहावीचा निकाल लागायचा होता, आणि दुपारी
लालगंजच्या गल्लीत कुत्रीसुद्धा
नालीवरच्या फरशांखाली शिरलेली.
तेव्हा हेमराज मौंदेकर आला,
मलेरिया विभागात रोजंदारीवर,
कागदावर वय अठरा, खरं सोळा.
सायकलच्या हँडलला पाण्याच्या पिशव्या,
पिशव्यांत गप्पी मासे.
"विहीर हाये का?"
विहीर नव्हती. कूलर होता.
त्याने टाकीत डोकावून पाहिलं. "हेही चालते."

बारा गप्पी. मी मोजले.
दुसऱ्या दिवशी तो विचारायला आला, "जित्ते हायेत ना?"
तिसऱ्या दिवशीही.
चौथ्या दिवशी मीच फाटकाशी उभी,
सांगायला, की एकीला पिल्लं झाली,
अंडी नाही, थेट पिल्लं.
त्याला ते आधीपासून ठाऊक होतं.
तरी म्हणाला, "खरंच?"

मला पुस्तकातली नावं यायची,
त्याला बापाच्या जाळ्यातली.
मी म्हणे, कल्ले हे माशाचं श्वसनेंद्रिय.
तो म्हणे, कल्ला उचलून पाय,
लाल असन तर घे,
फिका असन तर मासेवाल्याच्या तोंडाकडे पाहू नको,
पुढं चाल.

नवतपा लागला. नाईक तलाव आटला.
मधोमध परातीएवढं पाणी,
पोरं चिखलात उतरून हातांनी मासे काढत होती.
हेमराज आला तो पेंटचा डबा घेऊन.
ओल्या गोणपाटाखाली हातभर मरळ,
सापाचं डोकं, अंगावर काळे पट्टे.
"दोनशे देत होता एक जण," म्हणाला.
पुढचं बोलला नाही. टाकीचं झाकण उघडलं.

मरळ वर येऊन हवा घेते.
रात्री पंपाच्या घरघरीत मधूनच
'गुळुप्' व्हायचं. मी खाटेवर
डोळे मिटून वाट पाहायची पुढच्याची.
आई म्हणे, कूलर कसला वास मारतो हा?
बाबा म्हणाले, खस जुनी झाली. नवी आणली.
पंधरा रात्री आमचं अख्खं घर
माशावरून आलेल्या वाऱ्यात गार झोपलं.

गप्पी कमी होत गेले, पिल्लांसकट.
मी रडले. हेमराज म्हणाला,
"मंग काय खाईन ते? पोळी?"
दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी त्यानेच पंपाचा प्लग काढला,
"आधी करंट, मग प्रेम," असं काहीतरी पुटपुटला,
की मला तसं ऐकू आलं.
मरळ दिसत नव्हती. आम्ही दोघांनी
कोपरापर्यंत हात घातले त्या गढूळ पाण्यात.
काहीतरी लागलं. गुळगुळीत नव्हतं.
बोटं होती.
आम्ही मरळच शोधत राहिलो, फार वेळ.
ती पंपामागे होती, दोघांनाही दिसत होती.

जूनमध्ये त्याच्या बापाला खिंडसीला काम मिळालं.
जायच्या आदल्या पहाटे
मी सायकलच्या कॅरिअरवर, मांडीवर डबा,
महालातून गांधीसागरापर्यंत.
प्रत्येक गतिरोधकावर माझा फ्रॉक भिजला.
घाटावर डबा आडवा केला.
वाटलं होतं, ती क्षणभर थांबेल.
थांबली नाही.
पाण्यावर एक वर्तुळ, तेही अर्धवट.
"तिकडं मोठ्ठाले मासे हायेत," हेमराज म्हणाला.
मी म्हटलं, "असतील."
एवढंच सुचलं मला,
मराठीत अठ्ठ्याहत्तर मिळवणारीला.

आता घरी एसी आहे. त्याला पाणी लागत नाही.
रविवारी मंगळवारी बाजारात जाते,
कल्ला उचलते, लाल असला तर घेते,
फिका असला तर पुढं चालते.
मरळ घेत नाही.
"काहून वो बाई," मासेवाली टोपल्यातलं गोणपाट सारते,
"जित्ती हाये, पाय ना."
मी वाकून पाहते.
ती तोंड वर करते, एक घोट हवा घेते.
"हाव," मी म्हणते, "दिसते."