ओसुगा आणि पिल्लई यांच्या मधे

सोहारला रात्री साडेअकराला
एसीचं पाणी बादलीत टपटपतं
आणि मी स्वल्पविराम मोजत बसते.
एका संदर्भाला शंभर बैसा.
नवरा म्हणतो, वाण्याच्या पुड्या बांधतेस.
चूक नाही. दोरा तसाच लागतो:
आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, टिंब,
वर्ष कंसात, नियतकालिक तिरकं,
खंड तिरका, अंक सरळ,
पानांच्या आकड्यांमधली रेघ जरा लांब,
आखूड पडली तर लेख परत येतो.

लेख डॉ. झुवैना अल-मअमरींचा.
समुद्र लाल होतो तेव्हा
खाऱ्याचं गोडं करणाऱ्या कारखान्याचं काय होतं, त्यावर.
मला त्यातलं एवढंच ठाऊक
की तेव्हा आमच्या जिन्यात
'पाणी जपून वापरा' असा कागद लागतो.

बाईंचं 'अल' मोजायचं की सोडायचं?
मागच्या नियतकालिकाने मोजलं होतं,
हे म्हणतं सोडा. मग बाई
'अ'मधून उठून 'म'मध्ये जाऊन बसल्या.
एका तामिळ गृहस्थांना आडनावच नव्हतं,
कुणीतरी त्यांच्या बापालाच आडनाव केलंय.
सहाव्या नावापर्यंत सगळे ओळीत,
सातव्यापासून 'आणि इतर'.
लग्नाआधी तीन वर्षं मीही
प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या, नोंदी केल्या.
माझा नंबर आठवा होता.

तक्ता दोनच्या खाली नुसतंच:
इस्माईल परकार, वही, अकरा वर्षं.
पंपावरचा ऑपरेटर, दापोलीकडचा,
आता परत गेलेला.
वहीचे फोटो बाईंनी पाठवलेत.
दर दोन तासांनी तापमान, क्षार, दाब,
आणि समासात, बाईंना न वाचता येणारं:
'पाण्याला कालवांचा वास.'
'जेली लय. जाळी दोनदा धुतली.'
'फेस गुलाबी. साहेबांना सांगितलं. साहेब हसले.'
त्यानंतर चौथ्या दिवशी पंप बंद पडला.
तो दिवस लेखात आहे. आकृती तीन.

नियम असा: न छापलेली वही यादीत येत नाही.
मजकुरातच, कंसात, 'खासगी संवाद' म्हणून,
तारखेसह.
आणि माणसाची लेखी परवानगी.

फोन लावला. मागे कोंबड्या.
'आडनाव आधी? म्हणजे शाळेतल्या हजेरीसारखं. घाल.
पुढे इस्माईल दाऊद.'
नाही चाचा, 'इ.' आणि 'दा.'
बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
'अख्खा माणूस होता गो तो.'

तारीख काय घालू? कधी सांगितलंत हे?
'रोजच सांगत होतो की. अकरा वर्षं.
त्यातली कुठली घालतेस?'

आजची घातली.
यादीत ओसुगा आणि पिल्लई यांच्या मधे
एक ओळ सोडून पाहिली,
परकार तिथेच बसले असते, बरोबर तिथेच.
मग कर्सर मागे ओढला, ओळ मिटली.
बिल केलं: सेहेचाळीस संदर्भ,
चार रियाल सहाशे बैसा.
कंसातल्या माणसाचे पैसे लागत नाहीत.

सकाळी त्यांचा मेसेज आला. परवानगीचा कागद,
वहीतल्याच अक्षरात, सही मराठीत.
खाली प्रश्न:
'फोटो पाहिला. माजं नाव कंसात का?'

मी लिहिलं, नियम आहे. पुसलं.
लिहिलं, सगळ्यांचंच असतं. तेही पुसलं, खोटं होतं.

मग फाईल उघडून 'दा.' खोडला
आणि दाऊद लिहिलं. पूर्ण.
छापखान्यात कुणीतरी आहेच कापायला,
माझ्यासारखंच कुणीतरी, ओळीमागे पैसे घेणारं.
त्याच्यापर्यंत तरी जाऊ दे.
पूर्णविराम मात्र कंसाच्या बाहेर ठेवला.
तो तिथेच असतो.